गाडीखालचं तीर्थ

कडेगावात पारासमोर झुंबड उडाली होती, ती एका मोटारीसाठी. शीतलनाथ महाराजांची लांबलचक विलायती मोटार. काचा बंद, इंजिन घरघरतंय आणि वैशाखाच्या घामट उकाड्यात तिच्या पोटाखालून गार पाणी ठिबकतंय. खाली ताम्हण ठेवलेलं. महाराज मधूनच काच जराशी खाली करत, भक्तांच्या तोंडावर थंडगार झुळूक सोडत आणि म्हणत, "हा कैलासावरचा वारा, बाळांनो. आणि खाली गंगा." लोक ते पाणी डोळ्यांना लावत, पीत, तांब्यात भरून घरी नेत.

सरकारी दवाखान्यातल्या नर्स बनाबाईचं डोकं हे बघूनच तापलं. रंगुबाईचं लेकरू जुलाबानं सुकून चाललं होतं आणि रंगुबाई औषध सोडून त्याला हेच पाजत होती. बनाबाई तरातरा गेली आणि गाडीच्या दाराला हात घालून म्हणाली, "महाराज, पोर हातचं जाईल. दवाखान्यात न्यायला तुमीच सांगा हिला."

नेमकं त्याच दुपारी पाणी थांबलं. झुळूकही कोमट झाली. महाराजांना आयतं कारण मिळालं. बनाबाईच्या घरानं छप्पन्न साली बुद्धाचा धम्म घेतला होता, पण गावाच्या मनातला विटाळ काही गेला नव्हता.

"वाहन बाटलं, गंगा रुसली," महाराज म्हणाले. "शांतियज्ञाला वर्गणी काढा. त्या बाईनं पाय धरेपर्यंत तिच्या घराला विहीर बंद."

गावचे पाटील भाऊसो समजुतीला आले. "बनाबाई, जरा वाक की. कशाला ताणतीस?"

"न्हाई वाकणार. विहिरीचं पाणी मी कुणाच्या पाया पडून मिळवलेलं न्हाई. गाडीचं बॉनेट उघडा, मग बोलू."

ड्रायव्हर आडवा आला. पलटणीत ट्रक चालवलेल्या हंबीररावांनी त्याला बाजूला सारलं, इंजिन बंद केलं आणि बॉनेट वर केलं. बनाबाईनं साबणाचा फेस केला.

"आमच्या लशीच्या फ्रीजचा गॅस असाच गळला हुता. विश्रामबागचा मिस्त्री नळीला फेस लावून गळती हुडकत हुता, मी बघितलंय."

एका सांध्यावर रबराची पट्टी सुतळीनं आवळलेली होती. ती सोडून फेस लावला, तसा उरल्यासुरल्या गॅसचा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"आणि गंगा?" भाऊसोंनी विचारलं.

बनाबाईनं दवाखान्यातला बर्फ आणून पेल्यात टाकला. बघता बघता पेला बाहेरून ओला झाला, थेंब ओघळले. "पेला गळतोय व्हय? हवेतली वाफ गार भांड्यावर बसती. गाडीच्या एसीत बी तेच. गॅस गेला, गारवा गेला, पाणी थांबलं. माझा हात कुठं आला त्यात?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "मुंबईला दुरुस्तीचा लय खर्च सांगितला, महाराज देईनात. गॅस संपला की कुणावर तरी विटाळाचा आळ घ्यायचा आन् वर्गणीतनं गॅस भरायचा. मलकापुरात बी असंच केलं."

महाराजांनी घाईनं काच चढवली. पण आत भट्टी झाली होती. थोड्याच वेळात घामानं निथळत ते स्वतःच बाहेर आले, आणि कुणीही पायाशी वाकलं नाही.

रंगुबाईनं लेकरू बनाबाईच्या हातात दिलं. भाऊसो पुटपुटले, "चुकलं आमचं."

"गाडी का गळती, ते गावात एकानं बी इचारलं न्हाई," बनाबाई म्हणाली. "हात लावणारी कुठल्या घरची, ते मातर समद्यांनी इचारलं. इथनं म्होरं पयला सवाल आधी इचारा."

आणि लेकराच्या औषधाला पाणी हवं म्हणून ती कळशी घेऊन भर गर्दीतून विहिरीवर गेली.