दगडूला सोडलं

पिंजरा रिकामा होता आणि त्याचं दार कुणीतरी काथ्यानं नीट बांधून ठेवलं होतं. आवडाबाई उंबऱ्यातच थांबली. दुपारच्या सुट्टीत मिठागरातून घरी आली की आधी ती पिंजऱ्यावरचं फडकं पुन्हा ओलं करायची, मग स्वतः पाणी प्यायची. आज ते फडकं घडी करून ठेवलेलं होतं. पिंजऱ्याखाली एक नारळ होता आणि नवंकोरं लुगडं.

"नाथाबा, दगडू कुठं हाय?"

नाथाबा तिचा चुलतसासरा. गुडघे गेल्यापासून दिवसभर ओट्यावर बसून असायचा. त्याला दोन वेळा जेवायला घालायचं आणि त्यानं पोपटावर नजर ठेवायची, असा त्या घराचा रिवाज होता.

"आदी पानी पी, आवडे."

"दगडू कुठं हाय म्हनतंय मी!"

"शेटचा दिवानजी आला व्हता," म्हातारा खाली बघत म्हणाला. "शेटच्या आईचा ताप उतरला. तिचा नवस व्हता, पाललेला पोपट सोरायचा. त्यांनी नेला, सोरला. पुन्याचा काम हाय."

"कोनाचा पुन्य?"

नाथाबानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

आवडाबाईची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथं झालं तर दगडू नाव ठेवायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर ठरणार नाही, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. चौथं झालंच नाही, उलट नवराच गेला. नाव तयार होतं. पुढे एका वादळात ताडाच्या ढोलीतून पिल्लू खाली पडलं, उघडंबोडकं, डोळे मिटलेलं, आणि ते नाव त्याला लागलं. तिनं त्याला भिजवलेली डाळ चावून भरवली. पिंजरा आढ्याला इतका उंच टांगला की मांजराची उडी पोचू नये. मिठाचे हात धुतल्याशिवाय ती त्याच्या वाटीला हात लावत नसे. संध्याकाळी दार लावून त्याला घरात मोकळा सोडायची. तो तिच्या खांद्यावर बसून मिरची खायचा आणि बिया तिच्या केसांत टाकायचा.

आणि दरवर्षी मिठाचा हंगाम लागायच्या आत ती त्याचा एक पंख कापायची. मिठागर म्हणजे उघडं रान. झाड नाही, आडोसा नाही, वर घारी. चुकून बाहेर गेला तर परत यायचा नाही, म्हणून ही काळजी. जीव लावलेला माणूस दुसरं काय करणार?

"पंख कापलेला हाय, ता सांगलास त्यांना?" तिनं विचारलं.

"सांगला गो. दिवानजी बोल्ला, देव पंख देल."

मग मात्र आवडाबाईच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवाच्या नावानं दुसऱ्याची वस्तू उचलून न्यायची आणि उरलेलं देवावर सोपवायचं! तिनं नारळ आणि लुगडं उचललं, रूळ ओलांडले आणि ठाण्याची वाट धरली. आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती, तरी तिच्या गावची, कोपरीची माणसं रूळ ओलांडताना देवाचं नाव घेत. आज तिनं तेही घेतलं नाही.

एकच विचार डोक्यात होता: उडता येत नाही, म्हणजे लांब गेला नसेल. भिंतीच्या कडेला, जास्वंदीखाली कुठेतरी बसला असेल. हाक मारली की येईल. तो तिच्या हाकेला नेहमी यायचा, चालत यायचा, बदकासारखा.

शेटचं घर तळ्याजवळ होतं. अर्ध्या कोपरीचं पोट त्यांच्या मिठागरांवर चालायचं. आवडाबाई लग्न होऊन आल्यापासून त्या घरी जात होती, पण मागच्या दारानं. आजही तिथेच गेली. मोलकरीण शेवंती राखेनं पातेली घाशीत होती. आतून वरणभाताचा आणि तुपाचा वास येत होता. ब्राह्मणभोजन चाललं होतं.

"माझा पोपट कुठं हाय गं?"

शेवंतीनं हात धुतले नाहीत. राखेच्या हातानंच तिनं विहिरीकडे बोट दाखवलं.

"सकाळी माडीवरून सोडलं, बाई. समद्यांनी हात जोडले. तो सरळ खाली पडला. भटजी म्हनाले, झालं, सुटला. मंग सगळे आत गेले. म्या हाकललं गं कावळ्यांना, पन मालकीनबाईंनी पानी तापवायला हाक मारली. परत आले तोवर..."

विहिरीच्या काठाला केळीच्या पानाचा तुकडा टाकला होता. तेवढं शेवंतीनं केलं होतं. आवडाबाईनं पान उचललं. एक पंख लांब होता, दुसरा आखूड. डोळ्यांकडे तिनं बघितलं नाही.

तिनं त्याला पदरात घेतलं. तेवढ्यात शेट मागच्या पडवीत हात धुवायला आले. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणत. अशा माणसांबद्दल नेहमीच तसं म्हणतात.

"अगं, तू इथे? लुगडं मिळालं ना?"

आवडाबाईनं लुगडं आणि नारळ त्यांच्या पायांशी ठेवला.

"बाजारातला का नाय घेतलाव, शेट? कल्यानच्या बाजारात ढीगभर मिलतान."

"भटजी म्हणाले, जितकी जास्त वर्षं पिंजऱ्यात काढलेला पक्षी, तितकं पुण्य मोठं. तुझा जुना होता म्हणून तर... अगं, तुलाही वाटा मिळाला त्यात." त्यांचं लक्ष पदराकडे गेलं आणि ते जरा मागे सरले. "अरेरे. पण मुक्त होऊन गेला, असं मान. उद्या दिवाणजींना सांगून दुसरा आणून देतो, याच्याहून चांगला."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ असतात. पण वर हलवायालाच पुण्याचा वाटा देऊ करणारा विरळा.

"आना," आवडाबाई म्हणाली. "पन सोरायच्या आदी एकदा बगा, त्याला उरता येतंय का. म्हातारीच्या तापावर माझ्या पोराचा उतारा टाकलाव तुमी!"

आवाज आतपर्यंत गेला असावा. माजघरातून शेटच्या आईचा, गंगुबाईंचा, अशक्त पण करडा स्वर आला:

"कोण ते? मेलेलं काही घेऊन आत येऊ नकोस हो. पानं मांडलीत. मागच्या मागेच जा."

मागच्या मागेच! याच दारानं ती आली होती, याच दारानं आयुष्यभर गेली होती. शेवंती हळूच म्हणाली, "चल बाई, मी येते फाटकापातुर."

आवडाबाई हलली नाही. मग तिनं पदर छातीशी घट्ट धरला आणि शेटच्या बाजूनं पडवीची पायरी चढली. शेट "अगं, अगं" म्हणत राहिले. तिला हात लावून अडवायचं, तर त्यांनाच आंघोळ करावी लागली असती.

ती माजघरातून गेली, गंगुबाईंच्या खाटेपुढून. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. पुढे ओटीवर दोन्ही बाजूंना पंगत होती. वाढपी तुपाची तामली घेऊन तसाच वाकलेला राहिला. मिठानं फुटलेल्या, भेगांच्या पायांनी ती दोन रांगांच्या मधून चालत गेली. कुणाच्या पानाला तिचा पायही लागला नाही, तितकी तिनं काळजी घेतली. पण नवसाचं पुण्य सांगणारे भटजी आधी उठले, मग शेजारचे, मग एकेक करत सगळी पंगत अर्ध्या जेवणावरून उठली.

"उद्यापासून मिठागरात पाऊल टाकायचं नाही!" मागून शेट ओरडले.

समोरचं दार सताड उघडं होतं. या दारातून ती कधी बाहेर पडली नव्हती, त्यामुळे पायऱ्या किती उंच आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं पदरात लोंबणारी दगडूची मान आत घेतली, आणि एका हातानं चौकट धरून सावकाश खाली उतरली.