नवव्या भागातलं वाक्य

मावशीचा जिना उतरताना तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बरोबर उतरणारा हा मघाशी इतकं सफाईदार बोललाच कसा?

ती डबिंग स्टुडिओत संवादांची काटछाट करायची. नटांचं अडखळणं, धाप, घसा खाकरणं कापून टाकायचं, हेच काम. तो तिथला आवाज देणारा नट. सध्या दोघं एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर काम करत होते: शाळेतली दोन मुलं प्रेमाचं नाटक करतात आणि करता करता खरीच प्रेमात पडतात. नायकाचा आवाज त्याचा. हातात लिहिलेलं वाक्य असलं की त्याची जीभ कुठे अडायची नाही. माइकपासून बाजूला झाला की मात्र चहा मागतानाही तीनदा थांबायचा. लहानपणापासून तसंच, पाठ केलेलं तेवढं सुरळीत. त्याची कापलेली अडखळणी ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. लागली तर असावीत, असं स्वतःला सांगायची.

मावशीने स्थळांचा सपाटा लावला, तेव्हा तिने ठोकून दिलं, "माझं ठरलंय!" मग कोणीतरी दाखवणं आलं. तिने त्याला गळ घातली, तो लगेच तयार झाला. आणि आज मावशीच्या सोफ्यावर बसून म्हणाला, "ही बरोबर नसली, की मला घरची वाटही परकी वाटते." एकदाही अडला नाही. आणि ही वेडी पार विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने नववा भाग उघडला. वाक्य तिथेच होतं. तोच चढ, तोच उतार. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. ही खरोखर प्रेमात पडली होती, आणि तो मेला उष्टं वाक्य वाढत होता.

मग दुधाने तोंड पोळल्यासारखं ती ताकही फुंकू लागली. त्याने खुर्ची पुढे केली, तर सवय असेल. वाट वाकडी करून बसथांब्यापर्यंत सोडायला आला, तर मावशीने कुठून पाहिलं तर म्हणून. नाटकी माणूस, त्याचं काय खरं धरायचं?

पुढच्या रविवारी मावशीने पुन्हा बोलावलं. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका; तीस वर्षं कॉपी पकडण्यात गेलेली.

"पाठ केलेलं पुरे," मावशी त्याला म्हणाली. "हिची एक खोड सांग. आत्ताच्या आत्ता."

त्याने हिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"माझं अ... अडखळणं ती का... कापते. पण टा... टाकत नाही. ठे... ठेवून देते."

म्हणजे फोल्डर त्याने पाहिला होता. तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ते पाहिलं आणि व... वाटलं, मी ब... बोलतो तसाच को... कोणाला तरी ह... ह..."

मावशीने टेबलावर थाप मारली. "बघ! झालं की नाही ततपप? खोटं बोलणारा असाच अडतो!"

गेल्या आठवड्यात रडली नव्हती इतकं तिला आता रडू फुटलं. तरी तिने मावशीचा हात घट्ट धरला.

"थांब मावशी, मध्ये तोडू नकोस. त्याला पूर्ण बोलू दे."