लाल काचेतलं कुंकू

पूर्णिमाच्या तेराव्याला श्यामलाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. शाळेपासूनची मैत्रीण गेली, त्याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव अडकला होता समोरच्या फोटोत. हार घातलेला, उदबत्ती लावलेला आणि आधार कार्डावरून मोठा केलेला. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड वाकडं, आणि चेहरा असा की बाईला नुकतंच चोरीच्या आळावरून धरून आणलंय. जी पूर्णिमा हसली की समोरचा आपसूक हसायचा, तिची ही दशा! मुलाला विचारलं तर बिचारा म्हणाला, "काकू, मोबाईलमध्ये आईचे ढीगभर फोटो आहेत. पण एकात ती वाढतेय, एकात अर्धी कापली गेलीय. एकटीचा धड असा हा एवढाच सापडला."

रिक्षात बसल्याबसल्या श्यामलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी गेल्यावर माझा कोणता फोटो लावणार?"

"आधी मी जाणार आहे. त्यामुळे तो प्रश्न माझ्याकडे येत नाही," श्रीधरराव म्हणाले आणि रिक्षावाल्याला शनिवार पेठेचं वळण दाखवू लागले.

आता बघा, हा प्रश्न दुसऱ्या कोणा बाईने विचारला असता तर गोष्ट वेगळी. पण श्रीधररावांच्या बायकोने तो विचारावा लागावा, यात सगळं आलं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ तरुणपणापासून फोटो काढतोय. तेही रोलचे, काळेपांढरे. जग मोबाईलवर गेलं तरी हे आपले कुठूनतरी रोल मागवतात, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावतात आणि घरीच फोटो धुतात. कसब्यातले तांबट, देवळांचे कळस, नदीवरचे पूल, त्यांनी काय म्हणून सोडलं नाही. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही. आणि त्या एवढ्या फोटोंत श्यामलाबाईंचा एकही नाही.

काय गंमत आहे पाहा. त्यातल्या अर्ध्याअधिक फोटोंच्या वेळी त्या तिथेच होत्या. पिशवी धरून. श्रीधररावांचा सगळा जीव होता तो काचांवर. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिरवून बसवायच्या गोल रंगीत काचा, पिवळी, हिरवी, नारिंगी, लाल. त्यातही लाल लाडकी, कारण लाल काचेतून निळं आभाळ फोटोत काळंभोर येतं आणि ढग कापसासारखे पांढरेशुभ्र उठून दिसतात. पण त्याला ढगही मनासारखा लागतो. तो येईपर्यंत श्यामलाबाईंनी घाटांवर, टेकड्यांवर, गच्च्यांवर किती ताटकळावं, याला काही सुमार? वाऱ्यात तिपाईचा पाय धरायचा त्यांनी, काचा पदराने पुसायच्या त्यांनी, धुतलेले फोटो दोरीवर वाळत घालायचे त्यांनीच.

"मला माझा फोटो काढून हवाय. तुम्ही काढलेला," त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. "मला आधार कार्ड होऊन भिंतीवर लटकायचं नाही."

"बघू," श्रीधरराव म्हणाले.

पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे काय सांगायला हवं? मग उजेड बरा नव्हता. मग रोल संपला. मग गुडघा धरला. नंतर नंतर तर श्यामलाबाई समोर आल्या की श्रीधरराव घाईघाईने पेपरात तोंड घालू लागले. तसा श्यामलाबाईंचा पारा चढला. त्या ओरडल्याबिरडल्या नाहीत. फक्त "चहा ठेवलाय. निवला तर निवला," एवढंच बोलून आत जाऊ लागल्या. ज्यांनी संसार केलाय त्यांना ठाऊक आहे की यापेक्षा आरडाओरडा परवडतो.

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या भाजी निवडत होत्या, श्रीधरराव पिवळी काच पुसत समोर बसले होते, आणि श्यामलाबाईंच्या तोंडून आपोआपच निघालं, "मी सावळी म्हणून ना?"

"काय?"

"मी सावळी आहे. फोटोत चांगली दिसत नाही. लग्नानंतर एकदा काढलात आणि तेव्हाच तुम्हाला कळलं. पुन्हा कधी कॅमेरा माझ्याकडे केला नाहीत. मला काय समजत नाही?"

श्रीधररावांच्या हातातली काच तशीच राहिली. नवरा इतका गोंधळलेला श्यामलाबाईंनी कधी पाहिला नव्हता. "तू... हे तू इतकी वर्षं मनात धरून बसलीस?"

"मग काय धरायचं होतं?"

तो एक फोटो दोघांनाही आठवत होता. लग्नाच्या वर्षीच, पर्वतीवर काढलेला. वर ढग असे जमले होते की श्रीधररावांनी नव्या नवरीला कठड्याशी उभं केलं आणि हौसेने लाल काच लावली. दुसऱ्या दिवशी फोटो दोरीवर वाळत असताना त्यांच्या आईने, यमुनाबाईंनी पाहिला. ढग सुरेख, आभाळ सुरेख, आणि सुनेच्या कपाळावर कुंकूच नाही. ज्या रंगाची काच, तो रंग फोटोत फिका पडतो. लाल काचेने लाल कुंकू साफ पुसून टाकलं होतं. यमुनाबाईंनी तो फोटो तिथल्या तिथे फाडला आणि संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. श्यामलाबाईंना वाटत होतं, गोष्ट तिथेच संपली.

"आईनं फाडला ते नंतर," श्रीधरराव म्हणाले. ते बायकोकडे न बघता बोलत होते. "त्याआधी रात्री मी तो धुतला. कागद औषधात टाकला की चित्र हळूहळू वर येतं, तुला माहीत आहे. आधी काळं येतं, मग बाकीचं. आधी आभाळ आलं. मग तुझे केस आले, डोळे आले. आणि मी कुंकवाची वाट बघत राहिलो. लाल काच मीच लावली होती, ते येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी कागद उचलवेना. काळवंडायला लागला तरी तुझं कपाळ कोरंच. मला तिथे तू दिसलीस, श्यामले. मी नसल्यावरची. एकटी."

श्यामलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली.

"मी काही मानत नाही, हे तुला माहीत आहे," ते पुढे म्हणाले. "शकुन नाही, अपशकुन नाही. आईची तर मी थट्टाच केली. पण तिनं तो फाडला तेव्हा मला बरं वाटलं. नंतर कितीदा तुझ्याकडे कॅमेरा केला. काच असो नसो, मला तेच कपाळ दिसायचं. मग सोडून दिलं."

हा माणूस, ज्याने सत्यनारायणाला 'शिऱ्याचा कार्यक्रम' म्हणून नाव ठेवलं, तो आपण एकट्या पडू या भीतीने एवढी वर्षं गप्प बसला. आणि आपण खुळ्यासारख्या आरशात रंग बघत बसलो. श्यामलाबाईंना त्याची इतकी माया आली की डोळे भरून आले, आणि पाठोपाठ संतापही आला.

"संसार होत आला, आणि हे आत्ता सांगताय?" त्या म्हणाल्या. "तोंड दिलंय ना देवानं?"

"विचारलं नाहीस कधी."

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, बघू."

श्रीधरराव हसले, पण कसनुसे. "पिवळी काच लावून काढू का? पिवळीत कुंकू राहतं. किंवा बिनकाचेचा."

श्यामलाबाई म्हणाल्या, "नाही. लालच लावायची. ज्या आभाळासाठी मला जन्मभर उन्हात उभी केलीत, ते मला माझ्या मागे हवंय. तेच काळं. तेच ढग."

"अगं, पण लाल काचेत..."

"ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल काच घरातून गायब झाली. श्रीधररावांनी कपाटं उपसली, गाद्या उलथ्या केल्या. ती होती श्यामलाबाईंच्या पर्समध्ये, हातरुमालात गुंडाळलेली, आणि पर्स होती तुळशीबागेत.

टिकल्यांच्या दुकानापुढे उभं राहून श्यामलाबाईंनी काच डोळ्याला लावली आणि एकेक पाकीट निरखायला सुरुवात केली. दुकानातली रुपाली अमरावतीकडची, पुण्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. ती जरा वेळ बघत राहिली.

"काकू, काय पाहून राहिल्या? डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

"थांब गं. लाल टिकल्यांचं पाकीट दे."

काचेतून पाहिलं तर पाकीट कोरं. एकसुद्धा टिकली नाही! शेंदरी गेली, गुलाबी गेली, मरून जेमतेम सावलीइतकी उरली. रुपालीने काच मागून घेतली, स्वतः पाहिलं आणि हसत सुटली.

"अगं माय! गायबच झाल्या. मग काकू, तुम्ही काळीच घ्या ना. ती कुठी जात नाही."

"काळी नको. शुभ दिसत नाही." शकुन-अपशकुन न मानणाऱ्याच्या बायकोने एवढं तरी मानायला नको का? "हिरवी दाखव. गडद."

बाटलीच्या काचेसारख्या गर्द हिरव्या टिकल्यांचं पाकीट आलं. श्यामलाबाईंनी लाल काच डोळ्याला लावली. पाकिटावर काळेकुळकुळीत गोल ठिपके रांगेने बसले होते. लाल काच लालाला गिळते आणि हिरव्याला काळं करते. नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकून कंटाळलेली गोष्ट त्या दिवशी त्यांना भारी आवडली.

"हीच," त्या म्हणाल्या. "मोठी दे. दुरून दिसली पाहिजे."

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. पावसाने धुऊन काढलेलं आभाळ, वर पांढरे ढग. सकाळी दोघं इमारतीच्या गच्चीवर गेले. मोतिया रंगाची साडी नेसून श्यामलाबाई पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे नुसतं आभाळ यायचं तर कॅमेरा खाली हवा, म्हणून श्रीधररावांनी चटई अंथरली, गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या आणि चक्क पालथे पडले. शेजारची बाई कपडे वाळत घालायला आली होती, ती बादली घेऊन तशीच परत गेली.

"हे काय, हिरवी टिकली? या साडीवर जात नाही," खालून आवाज आला.

"काचेतून बघा."

श्रीधररावांनी काच भिंगावर फिरवून बसवली आणि डोळा लावला. वरचा ढग सरकला, दुसरा आला. श्यामलाबाईंना वरून फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

"दिसतेय का?"

"दिसतेय. काळी आलीय. ठसठशीत."

"मग आता नीट ऐका. फोटो काढताना हलायचं नसतं, तेव्हा एकदाच सांगते. तुम्ही असा की नसा, टिकली इथेच राहणार आहे. रंग मी ठरवीन. शाळेत जाताना मी टिकली लावत होते की नाही?"

"असशील."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

चटईवरचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत की काय होतंय, हे श्यामलाबाईंना वरून नीट कळेना. म्हणून त्याच हसू लागल्या, आणि तेवढ्यात खटका दाबला गेला.

रोल धुऊन झाला आणि त्याच रात्री न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लागलं. एरवी श्यामलाबाई बाहेर थांबायच्या. या वेळी त्याही आत गेल्या आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. लाल दिव्याखाली श्रीधररावांनी कागद औषधात सोडला आणि ट्रे हळूहळू हलवायला लागले. कागद कोरा होता. दोघंही वाकून बघत होते.

आधी आभाळ आलं. कडांकडून काळं होत होत मध्ये आलं आणि ढगांना, चेहऱ्याला जागा ठेवून थांबलं. मग त्या पांढऱ्या जागेत, अजून चेहऱ्याचा पत्ता नसताना, एक काळा गोल ठिपका उमटला. एकटाच. त्याच्या मागोमाग भुवया आल्या, डोळे आले, आणि मग सावकाश सगळी श्यामला आली, तोंड भरून हसणारी.

श्रीधररावांचा हात थांबला. ट्रेमधलं औषध स्थिर झालं, तरी ते बघतच राहिले.

"अहो, उचला. काळवंडेल," श्यामलाबाई म्हणाल्या.

"बघू दे जरा."

श्यामलाबाईंनी त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि स्वतःला उचलून पाण्यात ठेवलं.