आरशासारखी फरशी

अकरा महिन्यांची पोर रांगत नाही, तर दोष कुणाचा? घरात तिघं मोठी माणसं होती. तिघांपैकी दोघांनी मत दिलं आणि दोष तिसरीच्या पदरात पडला. तिसरी म्हणजे पोरीची आई. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात ती आठ वर्षं कामाला होती. भिंग घासून शेवटचं पॉलिश चढवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. त्यामुळे सगळे तिला भिंगवाली म्हणत. घरात मात्र या कौतुकाला कुत्रं विचारत नव्हतं.

पोरीला लाडाने ठकू म्हणायचे. ठकूला चार दात आले होते. ‘टाटा’ करता येत होतं, लपवलेला चमचा उशीखालून बरोबर शोधता येत होता, आणि नको असलेला घास ती आजीच्या पदरावर नेमका थुंकत होती. म्हणजे अक्कल पुरेपूर होती. फक्त रांगणं नव्हतं, उभं राहणं नव्हतं. बसल्या जागेवरून बूड घासत ती वीतभर सरकायची आणि तिथेच थांबून हात वर करायची. मग कुणीतरी उचलून घ्यायचं.

महिन्यापूर्वी दवाखान्यातली परिचारिका घरी येऊन गेली होती. तिने तिच्या कागदावर ‘बसते’पुढे हो लिहिलं, ‘रांगते’पुढे नाही, ‘धरून उभी राहते’पुढे नाही. घाबरू नका, काही मुलं उशिराने रांगतात, काही रांगतच नाहीत, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू, एवढंच ती म्हणाली. पण सासूबाईंनी त्या दोन नकारांची अशी काही माळ ओढली की विचारू नका. पोरीला आईचा सहवास नाही. आई दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांत डोकं घालून बसते. मग पोरीने उभं तरी कुणासाठी राहावं? नवरा आधी गप्प होता. पंधरा दिवसांत त्यालाही ते पटलं. त्याचं अक्षर सुरेख. त्याने बायकोच्या नावाने राजीनाम्याचं पत्र लिहून घड्याळाखालच्या फळीवर ठेवलं. खाली सहीपुरती जागा सोडली होती. शुक्रवारी परिचारिका येणार होती. तोवर पोर हलली नाही, तर सही करायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे दोघांनी ठरवलं आणि तिसरीला सांगितलं.

नवरा फरशीवाला होता. गावभर लोकांच्या घरांत फरशा बसवायचा आणि काम खरोखर चोख करायचा. स्वतःच्या घरासाठी त्याने एका दुकानातली दाखवायला ठेवलेली, सगळ्यात चकचकीत फरशी मिळवली होती. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळायचं नाही. दर दोन दिवसांनी तो गुडघ्यावर बसून तिला पॉलिश चोळायचा. आलेला पाहुणा खाली बघून स्वतःचं तोंड दिसतंय म्हणाला, की फरशीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सासूबाईंचा अभिमान वेगळा होता. गारठा पायातून शिरतो, यावर त्यांची अढळ श्रद्धा. त्यांनी ठकूसाठी लोकरीच्या विजारी विणल्या होत्या, कमरेपासून थेट बोटांपर्यंत एकसंध, मोज्यांसकट. सात विजारी होत्या. पोरीच्या पायाचा अंगठा बापालाही आंघोळीपुरताच दिसायचा.

गुरुवारी सासूबाईंची कवळी टोचायला लागली आणि त्या दंतवैद्याकडे गेल्या. फरशीवाला कामावर होता. भिंगवालीची अर्ध्या दिवसाची पाळी होती. तिने मालकांना फोन करून विचारलं आणि पोरीला कडेवर घेऊन कारखाना गाठला.

मागच्या खोलीत डब्या भरायचं काम चालायचं. तिथे धूळ नव्हती, यंत्रं नव्हती. होती फक्त एक मावशी, तिचं स्टूल आणि खाली जुनं, खरबरीत सिमेंट. ठकूने आल्याआल्या मावशीचा पाण्याचा पेला स्वतःवर उपडा केला. ओली विजार काढावीच लागली. नुसत्या लंगोटावर पोरीला खाली ठेवून भिंगवाली पिशवीत कोरडे कपडे शोधू लागली.

मावशीने चष्म्याची रिकामी डबी उघडमीट करत टकटक वाजवली. ठकूने डबीकडे पाहिलं. मग जमिनीवर दोन्ही पंजे टेकले. पायाची उघडी बोटं सिमेंटमध्ये रोवली. एकदा पुढे झुकली, मागे आली, पुन्हा झुकली. आणि निघाली. गुडघा, हात, गुडघा, हात, असं करत खोली ओलांडून थेट स्टुलापाशी गेली, स्टुलाचा पाय धरला आणि उठून उभी राहिली. तिचे गुडघे लटपटत होते, पण ती उभी होती.

मावशी हसून म्हणाली, “ही रांगत नाही म्हणून रडत होतीस होय?”

भिंगवाली क्षणभर हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने पोरीला उचललं, पिशवीतली कोरडी लोकरी विजार चढवली आणि पुन्हा तिथेच ठेवलं. ठकूने पंजे टेकले, जोर लावला, पाय मागे घसरला. दुसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. ती बुडावर बसली आणि हात वर केले.

या खरबरीत जमिनीवर ही गत, मग घरच्या आरशावर काय होत असेल? भिंगवालीला नीट माहीत होतं. आठ वर्षं तिने तेच हाताळलं होतं. पॉलिश झालेलं ओलं भिंग बोटांत ठरत नाही, म्हणून कड खरखरीत असते, धरायला. हे ती शिकाऊ पोरींना शिकवायची. आणि घरी तिला हे दिसलं नव्हतं. ठकू आठव्या महिन्यात पहिल्यांदा पंजांवर उठली होती, हात सटकून तोंडावर आपटली होती, ओठातून रक्त आलं होतं. त्यानंतर दोन-चार वेळा तसंच झालं आणि पोरीने नाद सोडला. भित्री आहे, सासूबाई म्हणाल्या होत्या. आळशी आहे, आईवर गेली, असंही म्हणाल्या होत्या. आणि आपण ते खालमानेने ऐकून घेतलं, रोज कामावर जाताना चोरासारखं दार ओढून घेतलं, हे आठवून भिंगवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या दोघांचा होताच, पण स्वतःचाही कमी नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची होती आणि संन्यासी स्वतःच दोरखंड विणत बसला होता.

निघताना तिने मालकांकडून पुठ्ठ्याचे मोठाले तक्ते मागून घेतले.

ती घरी पोचली तेव्हा फरशीवाला नुकताच पॉलिश आटोपून हात पुसत होता. सासूबाई सोफ्यावर बसून आठवी विजार विणत होत्या. पत्र फळीवरून टेबलावर आलं होतं आणि वर पेन ठेवलेलं होतं. भिंगवालीने कारखान्यात काय झालं ते सांगितलं. दोष फरशीचा आणि लोकरीचा आहे, हेही सांगितलं. सासूबाईंनी सुया थांबवल्या नाहीत. परक्या ठिकाणी पोर घाबरून काहीही करतं, असं त्या म्हणाल्या.

फरशीवाल्याला मात्र फरशीचं नाव झोंबलं. “नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला. “शंभर घरांत फरशी घातलीय मी. तिथली पोरं काय उडतात? सही कर आणि विषय संपव.”

सासूबाईंसमोर ती नवऱ्याला नेहमी ‘अहो’ म्हणायची. आज ते राहून गेलं.

“मोजे घाल,” ती म्हणाली.

“काय?”

“आईंनी तुझ्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे घाल. गुडघ्यांना हे दोन मफलर बांध. आणि इथून दारापर्यंत रांगून दाखव. पोचलास तर सही करते, उद्यापासून घरात बसते. नाही पोचलास, तर पुन्हा या पत्राचं नाव काढायचं नाही.”

फरशीवाला आईकडे बघून हसला. सौदा त्याला सोपा वाटला. त्याने मोजे चढवले, मफलर बांधले आणि त्याच्याच आरशासारख्या फरशीवर ओणवा झाला. खालून फरशीतला फरशीवाला त्याच्याकडे बघत होता. पहिलं पाऊल निभावलं. दुसऱ्याला डावा गुडघा बाहेर निसटला. तो सावरायला त्याने पायाने रेटा दिला, तेव्हा मोजा सुळकन मागे गेला, दोन्ही हात पुढे सटकले आणि हनुवटी फरशीवर दाणकन आपटली. दार अजून पाच हात लांब होतं.

ठकूने टाळ्या वाजवल्या.

सासूबाई विणकाम टाकून उठल्या. त्याच्या ओठाला दात लागून रक्त आलं होतं. “लागलं का रे बाळा?” त्या म्हणाल्या.

“ठकूच्या ओठातून रक्त आलं, तेव्हा तुम्ही तिला भित्री म्हणालात,” भिंगवाली म्हणाली. “याला नाही म्हणणार?”

सासूबाई त्याला हात द्यायला वाकल्या होत्या, तशाच राहिल्या. फरशीवाला उठून बसला. मी भारी माणूस, पोरीचं वजन ते केवढं, असं काहीतरी तो पुटपुटला, पण ते त्याला स्वतःलाच पटलं नसावं. तो हाताने फरशी चाचपत होता. इतकी वर्षं फरशा हाताळणाऱ्याला ती निसरडी आहे हे आज कळलं, ते तोंडावर पडल्यावर.

भिंगवालीने पुठ्ठे उलगडले आणि भिंतीपासून दारापर्यंत अंथरले. सुंदर फरशीचा मधला पट्टा झाकला गेला. मग तिने ठकूची विजार ओढून काढली, पोरीला एका टोकाला ठेवलं आणि स्वतः बाजूला झाली. दाराशी जाऊन कुणी बोलवायचं, हेही तिने सांगितलं नाही.

ठकूने आधी पुठ्ठ्याला हात लावून पाहिला. एक पंजा टेकला. थांबली. तिला आपटणं आठवत असावं. मग तिने पायाची बोटं रोवली आणि निघाली. बापाला वळसा घातला, दारापर्यंत न जाता मध्येच सोफ्याकडे वळली आणि आजीचं लुगडं धरून उभी राहिली. आजीच्या पायाशी आठवी विजार पडली होती, ती तिने एका हाताने उचलून तोंडात घातली.

सासूबाईंनी खाली वाकून पोरीची पावलं ओंजळीत धरली. गार आहेत का ते पाहिलं. गार नव्हती. चुकलं, असं त्या घरात त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही. भिंगवालीने त्याची थोडी वाट पाहिली.

शेवटी तिने टेबलावरचं पत्र उचललं, सहीची कोरी जागा वर येईल अशी त्याची घडी घातली आणि फरशीवाल्याच्या हातात दिलं.

“उद्या दुपारी परिचारिका येईल,” ती म्हणाली. “रांगते, उभी राहते, हे ती स्वतःच बघेल. इतके दिवस का नाही, असं तिने विचारलं, तर तुम्ही दोघांनी सांगायचं. मी तेव्हा कामावर असेन.”