गौराबाईंचा डावा पाय

“बाई, दुखणारा पाय उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. विसरायचं नाही. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.”

घरी सोडताना डॉक्टर हे बोलले, आणि तो आवाज गौराबाईंच्या कानात असा मुक्कामाला राहिला, की सकाळी विठोबाचं नाव घेतलं की पाठोपाठ तोच ऐकू यायचा. उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. वॉकर जाऊन हातात काठी आली होती. घरच्या घरी फेऱ्या चालू होत्या, व्यायाम चालू होते, आणि नेम तर एकही सुटला नव्हता. तुळशीला पाणी उभ्याने, आरती उभ्याने, जप उंच खुर्चीवर बसून. देवाची काही तक्रार आली नव्हती.

त्या गुरुवारी दुपारी मात्र म्हैसूरच्या विजयनगरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात माणूस मावेना. दारात चपलांचा ढीग, सोफ्याच्या हातांवर बायका, खिडकीच्या गजांत चेहरे. आणि मधोमध उंच खुर्चीवर गौराबाई, लग्नघरातल्या नवरीसारख्या.

समोर जाजमावर श्री समपाद स्वामी. सरगूरकडच्या कुठल्याशा माळावर वारुळाशेजारी बसून त्यांना हाडांची भाषा अवगत झाली, असं त्यांचा शिष्य शशांक सांगत होता. आखूड पाय स्वामी हाताने लांब करतात. सुरी नाही, टाके नाहीत, नुसता स्पर्श. बेळगावकडे काही वर्षं काढल्यामुळे स्वामींना मराठी येत होती, आणि ती ते थांबवत नव्हते.

“डॉक्टर हाडं कापतात,” स्वामी म्हणाले, “मी हाडांशी बोलतो. हाड म्हणजे काय? झोपलेलं पृथ्वीतत्त्व. त्याला हाक मारायची. प्रेमाने मारली की ते वाढतं, रागाने मारली की झिजतं. तुम्ही सगळे आपल्या गुडघ्यांवर रागावता, हो की नाही?”

“हौदु, हौदु, खरंय,” मागून निवृत्त संताजीराव म्हणाले. आपण गुडघ्यावर कधी रागावलो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं. पण एवढी माणसं माना डोलावतायत म्हणजे रागावलोच असू.

हा सगळा घाट शेजारच्या कृष्णवेणीचा. तिचाही खुबा गेलेला. येत्या सोमवारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आणखी थांबलात तर खुब्यातला हाडाचा गोळाच खचेल, मग चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ही बाई स्वामींच्या नादाला लागली. स्वामी म्हणाले होते, “आधी तुमच्या मैत्रिणीचा पाय करून दाखवतो. तो झाला की सोमवारी दवाखान्यात जायचं नाही. सुरी लागलेलं हाड माझं ऐकत नाही.”

“सुरी लागलेलं ऐकत नाही, मग गौरक्कांचं कसं ऐकेल?” हा प्रश्न कृष्णवेणीला पडायला हवा होता. पडला नाही. भीती एकदा घरात शिरली की पहिल्यांदा प्रश्नांना बाहेर काढते.

तिने मुद्दाम गुरुवार निवडला. गौराबाईंचं गुरुवारचं मौन साऱ्या गल्लीला ठाऊक. उजाडल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा लागेपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत. म्हणजे गौरक्का नाही म्हणू शकणार नाहीत. गौराबाईंनी मान हलवून, हात हलवून, डोळे वटारून नाही म्हणून पाहिलं. पण तोपर्यंत चपलांचा ढीग झाला होता, आणि दारात आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

स्वामींनी डोळे मिटले. शशांकने मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं.

“बाईंनी काही सांगायची गरज नाही. बोलू नका माते, मौनातच मला नीट ऐकू येतं.” स्वामींनी एक डोळा किंचित उघडून खुर्चीकडे पाहिलं. गौराबाईंचे दोन्ही पाय पांढऱ्या घट्ट मोज्यांत होते, लुगडं घोट्यापर्यंत होतं. काठी डाव्या हातात होती. डोळा मिटला. “दिसलं. डावा पाय. डाव्या पायाला माणसाने लोखंड घातलंय. बिचारा आखडून बसलाय.”

कृष्णवेणीने तोंड उघडलं. मग तिने काठीकडे पाहिलं, स्वामींच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. स्वामी चुकतील कसे? आपलीच आठवण गेली असेल, वय झालं.

नात पूजिता खुर्चीमागे उभी होती. ती फिजिओथेरपी शिकत होती. तिच्या ओठांवर शब्द आला तोच गौराबाईंनी मागे हात नेऊन तिच्या दंडाला बारीकसा चिमटा काढला. पूजिताने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा देवघरातल्या समईसारखा शांत होता, फक्त डाव्या गालावर खळी पडली होती. ही खळी घरात सगळ्यांना माहीत होती. ती पडली की समोरच्याची धडगत नसे.

स्वामी पुढे सरकले. दोन्ही टाचा दोन्ही तळहातांवर घेतल्या, पाय उचलून सरळ केले आणि अगदी हळू, मंत्र पुटपुटत, दोन्ही पाय एकदम गौराबाईंच्या उजवीकडे थोडेसे नेले.

“पाहा. जवळ या, पाहा. डावी टाच किती मागे आहे.”

माना पुढे आल्या. खरंच, डावी टाच चांगली दोन बोटं मागे होती.

“अय्यो,” कुणीतरी म्हणालं.

“आता हाक मारतो.” स्वामींचा आवाज घुमला. “ये, ये, पृथ्वीतत्त्वा, लाजू नकोस.” बोलता बोलता पाय इंच इंच मध्यभागी येत होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावी टाच पुढे, पुढे, आणि उजवीच्या बरोबर. दिवाणखान्यात हात जोडले गेले. संताजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कृष्णवेणी तर भिंतीला टेकून रडायलाच लागली.

“आता माते, खाली बसा,” स्वामी म्हणाले. “मांडी घाला. डॉक्टर म्हणतात ना जमणार नाही? सगळ्यांना दाखवा.”

“बसा गौरक्का, बसा,” चार बायका म्हणाल्या. एकीने उठवायला हातही धरला.

गौराबाईंना डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. खाली बसलं, मांडी घातली, तर नवा सांधा उखळीतून निघायला कितीसा वेळ. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, मान हलवली आणि मग हसून स्वामींकडे बोट केलं, स्वयंपाकघराकडे बोट केलं, आणि पेल्यातून पितात तसा अंगठा ओठांना लावला.

“अज्जी म्हणते, आधी कॉफी,” पूजिता म्हणाली.

कॉफीला स्वामी नाही म्हणाले नाहीत. म्हैसुरात कोण म्हणतं? गौराबाईंनी खुणेनेच सांगितलं की जुनं डिकॉक्शन नको, ताजं टाक. ताजं डिकॉक्शन फिल्टरमधून थेंब थेंब उतरतं, घाई करत नाही. मग कोडुबळे आले, तांदळाच्या पिठाचे, कुरकुरीत, बांगडीएवढे. मग दुसरा पेला. स्वामी खात होते, हाडांच्या गोष्टी सांगत होते, आणि बाहेर गुलमोहरामागे ऊन उतरत होतं.

दिवेलागण झाली. गौराबाई उठल्या, काठी टेकत देवघराशी गेल्या, उभ्यानेच निरांजन लावलं. “विठ्ठल,” त्या म्हणाल्या. दिवसाचा पहिला शब्द. मग वळल्या, आणि नेहमीच्या मऊ आवाजात, जणू साखर कमी पडली का विचारावं तशा, म्हणाल्या:

“स्वामी, ऑपरेशन माझ्या उजव्या पायाचं झालं हो.”

कोडुबळे मोडण्याचा आवाज मध्येच थांबला.

“डावा चांगलाच होता,” गौराबाई म्हणाल्या. “जन्मापासून. तुम्ही तो ओढून लांब केलात, आता मी काय करू? उजवाही लांब करून द्याल, की एका बाजूला जोड्यात पुठ्ठा घालू?”

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

“उजवाच होता,” कृष्णवेणी पुटपुटली. “मला माहीत होतं. पण स्वामी म्हणाले...”

स्वामी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “सोपं आहे,” ते म्हणाले. “उजवा कापला तेव्हा आजार घाबरून डाव्यात पळाला. मी तो डाव्यातून काढला. पाय वाढलेला सगळ्यांनी पाहिलाय.”

आणि खरंच, चारदोन माना पुन्हा डोलायला लागल्या. संताजीराव म्हणाले, “पाहिला खरा. ह्या डोळ्यांनी पाहिला.”

“मामा, तुमचे पाय कसे आहेत?” पूजिताने विचारलं.

“माझे? एक नंबर. रोज फिरायला जातो.”

“मग बसा अज्जीच्या खुर्चीवर. आणि सांगा, कोणता पाय आखूड करू?”

संताजीराव बसले, थोडे लाजत. “उजवा कर गं. डाव्याला जरा मोच येऊन गेलीय, त्याला नको त्रास.”

पूजिता खाली गुडघ्यांवर बसली, टाचा तळहातांवर घेतल्या. दोन्ही पाय संताजीरावांच्या डावीकडे थोडे नेले. उजवी टाच दोन बोटं मागे गेली. लोक पुढे झुकले. “ये रे पृथ्वीतत्त्वा,” पूजिता म्हणाली, पाय मध्यभागी आणले, आणि टाचा सारख्या. मग उजवीकडे नेले, तर डावा आखूड. मग मध्ये, सारखे. डावा, उजवा, डावा, उजवा. संताजीरावांचे पाय गाडीच्या वायपरसारखे फिरत होते.

“साकु, साकु,” ते म्हणाले, “पुरे, माझं पृथ्वीतत्त्व दमलं.”

आता मात्र हशा लपेना.

पूजिताने मग पायांवर बोट ठेवून सांगितलं. “पाय कमरेच्या दोन टोकांना लावलेले आहेत. दोन्ही पाय जुळवून एका बाजूला नेले की त्या बाजूचा पाय पुढे येतो, दुसरा मागे राहतो. मध्ये आणले की बरोबर. हाड एक केसही वाढत नाही. आणि डावा पाय स्वामींना कसा दिसला? डोळे मिटून नाही, उघडून. अज्जीची काठी डाव्या हातात होती. लोकांना वाटतं काठी दुखऱ्या बाजूला. असते उलट्या बाजूला, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार कमी होतो. ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा.”

शशांकने मोबाईल कधीच खिशात घातला होता.

“इथे श्रद्धा कमी आहे,” स्वामी उठत म्हणाले. “अशा जागी हाडं ऐकत नाहीत.”

“श्रद्धेचं म्हणाल तर,” गौराबाई म्हणाल्या, “मी एकादशी सोडत नाही, गुरुवारी तोंड उघडत नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोट घेत नाही. ते माझं आणि विठोबाचं. त्यात मी त्याच्याकडे पायाची लांबी मागितली नाही, त्याने दिली नाही. पण आम्ही शिंपी माणसं, स्वामी. मापल्याशिवाय कापड कापत नाही. माझा पाय वाढला म्हणता, तर आधी किती होता आणि नंतर किती झाला, हे तुम्ही टेप लावून दाखवायला हवं होतं. जो माप घेऊ देत नाही, त्याच्याकडे कापड द्यायचं नाही, आणि पाय तर मुळीच द्यायचा नाही.” त्या थांबल्या. “कोडुबळे बांधून देऊ का? वाटेत लागतील.”

स्वामींनी बांधून घेतले, हे सांगायलाच हवं.

माणसं हळूहळू पांगली. जाताना प्रत्येकजण म्हणत होता की मला पहिल्यापासूनच संशय होता. राहिली एकटी कृष्णवेणी, भिंतीशी.

“हसलीस का गं माझ्यावर?” तिने विचारलं.

“तुझ्यावर नाही.”

“मला ठाऊक होतं उजवा आहे. तरी मी गप्प बसले. का माहितीये? स्वामी खरे निघाले असते तर सोमवारी जायला लागलं नसतं. गौरक्का, तुझ्या वेळी तुझा लेक सुदीप होता, सून होती, ही पोर होती. माझा निनाद तिकडे दूर देशात, त्याला सुट्टी नाही. भूल देतात ना, तेव्हा वाटतं, डोळे उघडले आणि समोर कुणी नसलं तर? नर्सेस असतात, पण त्यांना माझं नाव तरी माहीत असेल का?”

गौराबाई काठी टेकत भिंतीपाशी आल्या.

“ऑपरेशन करून घे,” त्या म्हणाल्या. “तू डोळे उघडशील तेव्हा समोर मी असेन.”

“तू? तुला तर जिना चढता येत नाही.”

“तिथे लिफ्ट आहे. मी सगळा दवाखाना पाहून आलेय, विसरलीस काय?”

सोमवारी सकाळी गौराबाईंनी पूजा लवकर उरकली. कृष्णवेणीची गाडी आधीच गेली होती; तिला ऑपरेशनला आत नेल्याचा निरोप पूजिताच्या मोबाईलवर आला. गौराबाईंनी जपमाळ पिशवीत टाकली, रिक्षाची सीट उंच व्हावी म्हणून जाड उशी काखेत मारली. सून स्वयंपाकघरात फोडणी देत होती. तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून गौराबाईंनी विचारलं नाही. त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि डाव्या हातात काठी, उजव्याने पायऱ्यांचा कठडा धरून, सांभाळून, एक एक पायरी उतरू लागल्या.