अर्ध्या गोळीचा उतार

"औषध लागू पडत नाहीये. यादीतून नाव काढून टाकू," डॉक्टर एर्मेक म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

"घाई नको," बुरुल म्हणाली.

ओश शहरातल्या आमच्या इस्पितळात बुरुल ही गणितवाली. रक्तात विषाणू किती, औषधाने रोज किती मरतात, नवे किती जन्मतात, याचं समीकरण मांडून कुणाला गोळ्या किती आठवडे द्यायच्या ते ती सांगे. आपलं चुकेल असं तिला कधी वाटत नसे. वैताग हा, की सहसा चुकतही नसे.

समोर मेंढपाळ जोलदोशबाबा. हिपॅटायटिस सी. नाव निघालं की गोळ्या बंद.

बुरुलने संगणकाचा पडदा डॉक्टरांकडे वळवला. "औषध लागूच पडत नसतं तर विषाणू उतरलेच नसते. हे उतरतायत, पण रखडत. निम्मंच औषध पोटात गेल्यासारखे. बाबा, उरलेलं कोण खातं?"

"मेंढी."

"मेंढीला काय झालंय?"

"मला झालंय तेच."

"आणि मेंढी कुठाय?"

"बाहेर बाकावर," बाबा खाली बघत म्हणाले.

एर्मेकनी कपाळावर हात मारला. "अहो, अशानं विषाणू औषधाला सरावेल! दोघंही जाल!"

"लग्न झाल्यापासून जे आलं ते वाटून खाल्लं, डॉक्टर. हे एवढंच एकट्यानं गिळू?"

"मग तिला दाखवलं का नाही?"

"गावच्या लग्नांत बोर्सोकचं पीठ मळून तळायला तिलाच बोलावतात. कळलं तर तिच्या हातचं कोण खाईल?"

"खाण्यातून होत नाही हो हा, रक्तातून होतो."

"हे माझ्या भावजयीला पटवा, मग बोलू."

"आजपासून अख्खी गोळी तुमची, बाबा," बुरुल म्हणाली. "काकूंचं रक्त आत्ता घेऊ. त्यांचं गणित मी मांडते, गोळ्या डॉक्टर मागवतील."

एर्मेक तसं काही म्हणाले नव्हते. पण त्यांनी नवा अर्ज पुढे ओढला.

बाकावर म्हातारी शाल गच्च धरून बसली होती. बुरुलला पाहताच सवयीने तिने शालीतून तळलेल्या बोर्सोकांची पुरचुंडी पुढे केली, आणि काहीतरी आठवून झटकन मागे घेतली.

बुरुलने हात घालून एक उचलला. तिथेच उभ्याने, सगळ्या व्हरांड्यादेखत, सावकाश खाल्ला.

"मीठ कमी पडलंय, काकू," ती म्हणाली आणि दुसरा उचलला.