गोदाबाईची ग्रीक मडकी

खेमराज गुरुजींनी मासिकाचं फाटकं पान दाखवलं, त्या दिवसापासून गोदाबाईचे पाय जमिनीवर नव्हते. ग्रीस नावाच्या दूर देशात अडीच हजार वर्षांपूर्वी रंगवलेलं भांडं! पांढऱ्या अंगावर टोपली घेतलेली बाई, समोर पायऱ्यांवर उभा एक खांब. तिकडचे काही कारागीर भांड्यावर नावं घालत, गुरुजी म्हणाले. घडवणाऱ्याचं वेगळं, रंगवणाऱ्याचं वेगळं. गोदाबाईचा नवरा नथ्थू चाक फिरवी, रंग ती भरी, आणि वारासिवनीच्या बाजारात मडकी मात्र सगळी नथ्थूची.

रामपायलीच्या चंपाबाईने लेकीच्या लग्नासाठी मडकी सांगितली, तेव्हा गोदाबाईने ठरवूनच टाकलं. नथ्थूने मडकी घडवून भाजून दिली. तिने चुन्यावर गेरूने तीच बाई काढली, तोच खांब, आणि खांबाखालच्या पायऱ्यांवर गुरुजींकडून गिरवून घेतलेली दोन अक्षरं: गोदा.

"नाव कोन वाचते वं?" नथ्थू हसला.

मडकी न्यायला गाडी येणार, त्याच सकाळी गुरुजी धापा टाकत आले. पानाचा उरलेला तुकडा सापडला होता. "घात झाला, गोदाबाई! ते मयताचं भांडं आहे. तो खांब म्हणजे थडगं!"

"अवं माय! मले आधी काहून नाही सांगतलं?" आपल्याकडे मयताच्या मडक्याला कुणी रंगाचं बोटही लावत नाही. खांद्यावरून न्यायचं नि फोडायचं. आणि ती माणसं मेलेल्यासाठी एवढं नाजूक काम करत होती! भीतीतही तिला त्यांचं भारी कौतुक वाटलं.

तिने कुंचला उचलला. खांबाला आंब्याची पानं फुटली, वर तोरण चढलं, थडग्याचा मांडव झाला. टोपलीत आहेराचं लुगडं आलं. पण थडग्याच्या पायऱ्या ठेवून कसं चालेल? त्यांच्यावरच तर तिचं नाव होतं. हात क्षणभर अडला. मग तिने चुना फिरवला, एकेका मडक्यावर, डोळे पुसत.

गाडी आली. चंपाबाई मडकी पाहून हरखली. "नथ्थू, कोनं रंगवलं हे?"

नथ्थूने एक मडकं उचलून पालथं धरलं. बुडाशी, जिथे गोदाबाईने कधी पाहिलंच नव्हतं, ओल्या मातीत कोरलेली वाकडीतिकडी अक्षरं होती: गोदा.

"भट्टीत घालायच्या आधीच कोरलं," तो म्हणाला. "आता चुन्यानं जात नाही."